पान कोणाचे, पुरावा कोणाचा?

२९ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘द स्टॅनफर्ड डेली’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकात एक बातमी आली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लाविन हे नामवंत मेंदूवैज्ञानिक. त्यांचे नाव असलेल्या काही जुन्या शोधनिबंधांतल्या प्रतिमांमध्ये फेरफार झाल्याचा संशय आहे आणि एक संशोधन नियतकालिक त्यांतल्या एका निबंधाची तपासणी करत आहे, असे त्या बातमीत होते. ती लिहिणारा थिओ बेकर पहिल्या वर्षात शिकत होता. विद्यापीठात येऊन त्याला पुरते तीन महिनेही झाले नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला अमेरिकी पत्रकारितेतला मानाचा जॉर्ज पोल्क पुरस्कार जाहीर झाला आणि हा पुरस्कार मिळवणारा तो सर्वांत लहान पत्रकार ठरला. १९ जुलै २०२३ रोजी टेसिए-लाविन यांनी आपण अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘नोंद’ हा विषय दिला, तेव्हा मला पहिल्यांदा हा मुलगा आठवला. अठरा-एकोणीस वर्षांच्या, अजून पदवीही हातात न आलेल्या बातमीदाराची विश्वकोशात नोंद व्हावी का? झाली तर कशाच्या बळावर, आणि ते ठरवणार कोण? श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश सिद्ध केले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. कोणाला घ्यायचे आणि कोणाला गाळायचे याचा निर्णय तिथे जाणत्या संपादकांच्या हाती होता. छपाईची पाने मोजकी, त्यामुळे निवड अटळ होती. विकिपीडियावर कागदाची मर्यादा नाही आणि नेमलेला संपादकही नाही. तरीही तिथे निवड होते, आणि बऱ्यापैकी कडकपणे होते. ती कशी होते हे पाहण्यासाठी मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात, वृत्तपत्रविद्येच्या मुलांसाठी भरलेल्या विकिपीडिया कार्यशाळेत जाऊन बसले.

फळ्यावर एक नाव

कार्यशाळा घेणाऱ्या बाई पेशाने ग्रंथपाल. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही विकिपीडियांवर त्या अनेक वर्षे संपादन करतात. त्यांनी फळ्यावर बेकरचे नाव लिहिले, वर दिलेली हकिगत थोडक्यात सांगितली आणि विचारले, “याचं पान असावं का?”

सगळे हात वर गेले.

“कारणं सांगा.”

कारणे भराभर आली. एवढ्या लहान वयात एवढे मोठे काम केले. विद्यापीठाच्या अध्यक्षांना जावे लागले. पुरस्कार मिळाला. मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, “मॅडम, त्याचे आईवडीलही मोठे पत्रकार आहेत.” हे खरे आहे. वडील पीटर बेकर ‘द न्यूयॉर्क टाइम्स’चे व्हाइट हाउस प्रतिनिधी, आई सुझन ग्लासर ‘द न्यू यॉर्कर’मध्ये लिहितात.

बाईंनी सगळी कारणे फळ्यावर मांडली आणि पहिली रेघ आईवडिलांवर मारली. विकिपीडियावर उल्लेखनीयता वारशाने मिळत नाही. आईवडिलांचा उल्लेख पानात येईल, पण पान असण्याचे ते कारण होऊ शकत नाही. दुसरी रेघ वयावर मारली. लहान वय ही ना जमेची बाजू, ना उणेपणाची. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढला तेव्हा तेही जेमतेम विशीत होते. त्यांच्या नोंदीसाठी वयाचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही. तिसरी रेघ ‘मोठे काम’ या शब्दांवर पडली तेव्हा मात्र वर्गात चुळबुळ झाली.

“काम मोठं आहे की नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही,” बाई म्हणाल्या. “ते दुसऱ्या कोणी ठरवून, तपासून, छापून ठेवलंय का, एवढंच आपण बघायचं.”

विकिपीडियाची ही मुख्य अट आहे. ज्याच्यावर पान लिहायचे, त्याच्याविषयी त्याच्याशी संबंध नसलेल्या विश्वासार्ह प्रकाशनांनी सविस्तर लिहिलेले असावे. संबंध नसणे, विश्वासार्ह असणे आणि सविस्तर असणे या तीनही गोष्टी एकाच लेखात जुळाव्या लागतात, आणि असे लेख एकाहून अधिक लागतात. थोरवीचे मोजमाप तिथे होत नाही. प्रामाणिक, पडताळता येईल असे पान लिहायला पुरेसा ऐवज बाहेर आहे का, हे पाहिले जाते.

कात्रणांची झडती

मग मुलांनी मोबाइल काढले आणि बेकरविषयी जे सापडेल ते शोधून बाईंना सांगू लागली. फळ्यावर चार रकाने आखले गेले: कुठे छापले, स्वतंत्र आहे का, विश्वासार्ह आहे का, सविस्तर आहे का. इंग्रजी विकिपीडियावर वादाच्या वेळी संपादक असाच तक्ता चर्चेत मांडतात.

पहिले नाव आले ‘स्टॅनफर्ड डेली’चे. १८९२ साली सुरू झालेले आणि १९७३ पासून विद्यापीठाच्या आर्थिक-प्रशासकीय छत्राबाहेर, स्वतःच्या पायावर उभे असलेले हे दैनिक. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या, वृत्तपत्राच्या कचेरीवर पोलिसांनी घातलेल्या छाप्याच्या गाजलेल्या खटल्यात एका बाजूला याच पत्राचे नाव आहे. एवढी परंपरा असली तरी बेकरच्या बाबतीत ‘डेली’ रकान्याबाहेर गेला. तो त्याचा स्वतःचा पेपर. त्याने आपल्या बातमीदाराविषयी लिहिलेले स्वतंत्र मानता येत नाही. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातून माहिती घ्यायला हरकत नसते, पण आपल्याच विद्यापीठातल्या माणसाची उल्लेखनीयता सिद्ध करण्यासाठी त्याची साक्ष चालत नाही.

त्यानंतर बेकरने स्वतः लिहिलेल्या बातम्या आल्या. त्याही बाहेर. इथे भावी बातमीदारांनी भरलेला तो वर्ग खरोखर नाराज झाला. पत्रकाराची ओळख म्हणजे त्याचे लिखाण, आणि तेच धरायचे नाही? बाईंनी समजावले: त्याने लिहिलेले शंभर लेख दाखवले तरी त्यातून तो लिहितो एवढेच कळते. इतरांनी त्याच्या कामाची दखल घेतली का, हे त्याच्या बातम्यांतून कळत नाही. पत्रकारांच्या बाबतीत ही अट फार जाचते, कारण सगळा जन्म दुसऱ्यांविषयी लिहिण्यात गेलेल्या माणसाविषयी फारसे कोणी लिहिलेले नसते.

मुलाखतींचे तसेच. त्यात माणूस स्वतःविषयी बोलतो, म्हणून जन्मगावासारख्या तपशिलापुरत्या त्या उपयोगी, पुरावा म्हणून लंगड्या. त्याच्या कहाणीचे चित्रपटहक्क वॉर्नर ब्रदर्सने घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. पण घोषणेवर नोंद उभी राहत नाही.

मग उरले काय? पोल्क पुरस्कार. ग्रीसमधल्या यादवीचे वार्तांकन करताना १९४८ साली मारला गेलेला सीबीएसचा वार्ताहर जॉर्ज पोल्क, त्याच्या स्मरणार्थ लाँग आयलंड विद्यापीठातर्फे १९४९ पासून दिला जाणारा हा पुरस्कार. मान्यवर पुरस्कार ही उल्लेखनीयतेची जमेची खूण मानली जाते. त्याशिवाय अमेरिकेतल्या राष्ट्रीय वृत्तपत्रांनी या मुलाने बातमी कशी शोधली यावर स्वतंत्रपणे लिहिलेले लेख. तक्त्यात हेच टिकले, आणि एवढे पुरेसे होते.

एका घटनेचा माणूस

“पण मॅडम, त्याच्या नावावर एकच तर प्रकरण आहे,” एक विद्यार्थिनी म्हणाली. हा आक्षेप मोलाचा होता.

हयात व्यक्तींबाबत विकिपीडियाचे नियम अधिक कडक आहेत, आणि ते एका पत्रकाराला झालेल्या इजेतून घडले. जॉन सीगेंथालर हे अमेरिकेतले ज्येष्ठ संपादक. २००५ साली कोणीतरी त्यांच्या पानावर लिहून ठेवले की केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा एकेकाळी संशय होता. हे धादांत खोटे होते. ते पानावर चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. सीगेंथालर यांनी त्यावर जाहीरपणे लिहिल्यावर मोठी खळबळ उडाली. त्याच वर्षाच्या शेवटी इंग्रजी विकिपीडियाने खाते न काढता नवे पान तयार करण्याची मुभा बंद केली, आणि पुढे हयात व्यक्तींविषयीचे स्वतंत्र धोरण आले.

त्या धोरणात एक तरतूद आहे: जो माणूस केवळ एका घटनेमुळे बातमीत आला, त्याचे वेगळे चरित्र शक्यतो लिहू नये. ती लागू होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. विश्वासार्ह लेखन त्या एकाच घटनेच्या अनुषंगाने झालेले असावे. माणूस एरवी प्रसिद्धीपासून दूर असावा. आणि घटना तरी फार महत्त्वाची नसावी, किंवा तिच्यातला त्याचा वाटा किरकोळ वा धूसर असावा. बेकरच्या बाबतीत तिसरी गोष्ट खरी नाही. घटना महत्त्वाची आहे, तिच्यातला त्याचा वाटा मध्यवर्ती आहे आणि तो नीट नोंदला गेला आहे. म्हणून प्रकरण एकच असले तरी त्याची बाजू टिकते.

याच्या शेजारी एप्रिल २०२४ मधला कोलंबिया विद्यापीठाचा प्रसंग ठेवून पाहावा. पॅलेस्टाइनच्या बाजूने आंदोलन करणाऱ्यांनी हॅमिल्टन हॉलचा ताबा घेतला, पोलीस आत शिरले, आणि त्या रात्री विद्यापीठाच्या आवारातून जगाला बातमी देत होते ते मुख्यतः विद्यार्थी बातमीदार. पुलित्झर पारितोषिकांच्या मंडळाने अशा विद्यार्थी पत्रकारांची खास निवेदन काढून वाखाणणी केली. त्यांच्यातल्या प्रत्येकाचे पान करावे का? बाईंचे उत्तर ‘नाही’ असे होते. ते काम सामूहिक होते, दखल समूहाची घेतली गेली, आणि ती नोंद त्या घटनेच्या व त्यांच्या वृत्तपत्राच्या पानावर शोभते.

यात एक काळजी आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. विकिपीडियाचे पान हा सत्कार नसतो. नाव शोधले की तेच बहुधा सर्वांत वर येते, आणि त्यात कोण केव्हा काय लिहील यावर त्या व्यक्तीचा ताबा नसतो. एकोणिसाव्या वर्षी केलेली एक बातमी, एक अटक, एक वाद चाळिशीतही माणसाच्या नावाला चिकटून राहू शकतो. पान नाकारणे हे कित्येकदा त्या मुलाला मोठे व्हायला मोकळी जागा देणे असते.

आणि पान झालेच, तर त्यात सगळे यावे लागते. विद्यापीठाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने टेसिए-लाविन यांनी स्वतः विदा खोटी केल्याचे आढळले नाही असे म्हटले. निबंधांतल्या चुका दुरुस्त करण्यात ते कमी पडले असाही निष्कर्ष काढला, आणि काही निबंध पुढे मागे घेतले गेले. २००९ च्या एका निबंधात लबाडी झाली आणि ती दडपली गेली, हा ‘डेली’ने छापलेला गंभीर आरोप मात्र समितीला चुकीचा वाटला; त्या निबंधाच्या कामात काटेकोरपणा नव्हता, असे तिने म्हटले. बेकरच्या पानावर पुरस्काराच्या जोडीला हेही यायला हवे.

सात दिवस आणि एक निर्णय

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते? इंग्रजी विकिपीडियावर नवे पान झाले की ते तपासणी करणाऱ्या स्वयंसेवकांच्या रांगेत येते. त्यांची नजर पडेपर्यंत किंवा ९० दिवस उलटेपर्यंत शोधयंत्रांना ते पान दाखवले जात नाही. महत्त्वाचा कोणताही दावाच नसलेले पान तातडीने काढता येते. जिथे शंका आहे, तिथे कोणीही संपादक पान वगळण्याच्या चर्चेसाठी मांडू शकतो, आणि ती चर्चा साधारण सात दिवस उघडी राहते.

बाहेरून पाहणाऱ्याला ते मतदान वाटते, कारण प्रत्येक जण आपल्या म्हणण्याच्या सुरुवातीला ठळक अक्षरांत ‘ठेवा’, ‘वगळा’, ‘विलीन करा’ असे लिहितो. पण चर्चा मिटवणारा प्रचालक, म्हणजे वाढीव अधिकार असलेला स्वयंसेवक संपादक, डोकी मोजत नाही. ‘हा आमचा अभिमान आहे’ अशा वीस मतांपेक्षा दोन ठोस कात्रणे जड ठरतात. विद्यार्थी पत्रकाराच्या बाबतीत मात्र कात्रणांऐवजी मतेच येताना दिसतात. वर्गमित्र जमतात, नवी खाती काढतात आणि एकसुरात ‘ठेवा’ म्हणतात. प्रेमापोटी केलेल्या या गर्दीने अनुभवी संपादकांचा संशय वाढतो. ज्याच्याशी आपले नाते आहे त्याचे पान स्वतः करू नये, केलेच तर ते नाते उघड सांगावे आणि मसुदा तपासणीला द्यावा, अशी तिथली शिस्त आहे.

ही शिस्त चुकतेही. कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये नाकारला गेला, कारण त्यात दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नव्हती. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल जाहीर झाले. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या मारी क्युरी आणि मारिया गोपर्ट मायर यांच्यानंतरच्या तिसऱ्या स्त्री. त्यांचे पान त्याच दिवशी तयार झाले. मसुदा तपासणाऱ्याने नियम मोडला नव्हता. स्ट्रिकलंड यांच्या कामावर जगाने तोवर पुरेसे लिहिले नव्हते, आणि तो दोष त्यांच्या पानाच्या वाट्याला आला. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत स्त्रियांचा वाटा सुमारे एक पंचमांश आहे, त्याचे एक कारण हेच. ज्यांच्याविषयी वृत्तपत्रे गप्प राहिली, त्यांच्याविषयी विश्वकोशही गप्प राहतो.

मराठी चावडीवर

दुपारच्या सत्रात बाईंनी मराठी विकिपीडिया उघडला. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा प्रकल्प. तिथे सरावासाठी धूळपाटी आहे, सामाईक चर्चेसाठी चावडी आहे. संपादन करणारे हात मात्र इंग्रजीच्या मानाने फारच थोडे, आणि त्या थोड्यांनाच नवी पाने तपासायची, जाहिराती उपसायच्या, शुद्धलेखन पाहायचे असते. त्यामुळे वगळण्यावरच्या लांबलचक चर्चा इथे क्वचित रंगतात.

आता मुलांनी आपले उदाहरण आणले. त्यांच्याच ओळखीची, जिल्ह्याच्या गावी शिकणारी एक मुलगी. विभागाच्या प्रायोगिक अंकात तिने वसतिगृहातल्या मुलींच्या रखडलेल्या निर्वाह भत्त्यावर मालिका केली होती. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून कागद मिळवले होते, मुलींशी बोलली होती. नंतर भत्ता जमा झाला. “बेकरनं केलं तेच हिनं केलं,” मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, आणि वर्गात कोणालाही ते अतिशयोक्त वाटले नाही. मलाही वाटले नाही.

तोच तक्ता पुन्हा आखला गेला. प्रायोगिक अंक तिच्याच विभागाचा, बाद. एका स्थानिक दैनिकात तिच्या सत्काराची बातमी होती: मान्यवरांची नावे, शाल, श्रीफळ, ‘सूत्रसंचालन आणि आभार’. तिने काय शोधले, याविषयी एक वाक्य नाही. दुसऱ्या दैनिकात शब्द न् शब्द तीच बातमी, कारण दोन्हीकडे महाविद्यालयाची प्रेसनोट जशीच्या तशी लागली होती. त्यामुळे पुरावे दोन दिसले तरी ते एकच, आणि तोही स्वतंत्र नाही. एका मोठ्या दैनिकाने भत्त्याचा विषय उचलला होता, पण बातमी ‘प्रतिनिधी’ या नावाने होती आणि प्रकरण प्रथम कोणी बाहेर काढले याचा त्यात उल्लेख नव्हता. त्या बातमीचा दुवा आता उघडतही नाही.

तक्ता रिकामा राहिला. बाईंनी निर्णय सांगितला: पान होणार नाही. वर्ग शांत झाला. मग त्या म्हणाल्या, “तिचं काम कमी पडलेलं नाही. आपल्याकडे त्या कामावर कोणी लिहिलं नाही, ते कमी पडलं.”

पुरावा कोणी तयार करायचा?

मी गेले तेव्हा मला वाटत होते की दोष असला तर विकिपीडियाच्या नियमांत असेल. आता तसे वाटत नाही. हे नियम सैल केले, तर त्या दारातून ही मुलगी आत येण्याआधी वाढदिवसाच्या पुरवण्यांचे मानकरी, इच्छुक उमेदवार आणि स्वतःला उद्योजक म्हणवणारे शेकडो लोक आत येतील. त्यांच्याकडे छापील मजकुराची कमतरता नसते. तो पैसे मोजून तयार करता येतो. नियम कडक आहेत म्हणूनच नोंदीला किंमत आहे.

विश्वकोश शेवटचा दुवा आहे. त्याच्या आधीचे दुवे आपल्या हातात आहेत आणि ते आपण कच्चे ठेवले आहेत. बेकरच्या बातमीमागे मोठी वृत्तपत्रे गेली, तेव्हा बातमी मुळात ‘डेली’ने दिली हे त्यांनी लिहिले, त्याने ती कशी मिळवली हे खोदून विचारले. समितीने त्याच्या पेपरचा एक आरोप फेटाळला, तेही छापले. त्या सगळ्यांतून पुरावा तयार झाला. आपल्या मराठी वृत्तपत्रांनी ठरवले तर यातली प्रत्येक गोष्ट करता येण्यासारखी आहे. दुसऱ्याने आधी दिलेल्या बातमीचे श्रेय नावानिशी द्यावे, मग तो प्रायोगिक अंक का असेना. सत्काराची प्रेसनोट छापण्याऐवजी त्या मुलीला अर्ध्या तासासाठी गाठावे, तिचे कागद पाहावेत, ज्या कार्यालयाविषयी तिने लिहिले त्यांची बाजू घ्यावी आणि चारशे शब्दांचा लेख करावा. बातमीदाराचे नाव बातमीवर यावे. संकेतस्थळ नवे करताना जुने दुवे जिवंत ठेवावेत. पत्रकारितेच्या विभागांनी आपले जुने प्रायोगिक अंक रद्दीत न घालता स्कॅन करून ग्रंथालयात ठेवावेत. अशा अंकांतून उल्लेखनीयता सिद्ध होणार नाही, पण उद्या कोणी त्या मुलीवर लेख लिहायला बसला तर त्याला मूळ मजकूर हाताशी मिळेल.

दिवाळी अंकांवरही ही जबाबदारी येते. तालुक्याच्या गावच्या वार्ताहरावर, मुद्रितशोधन करता करता संपादक झालेल्या बाईंवर, एका विद्यार्थ्याने उघड केलेल्या प्रकरणावर दहा पाने देण्याची मुभा मराठीत आजही दिवाळी अंकांकडेच आहे. असा एक काळजीपूर्वक लिहिलेला, दोन्ही बाजू तपासणारा लेख नोंदीसाठी लागणाऱ्या ऐवजाचा मोठा भाग एकटा पुरवू शकतो.

त्या मुलीचे नाव मी इथे लिहिलेले नाही. तिची बाजू, ते कागद, संबंधित कार्यालयाचे म्हणणे यांतले काहीच मी अजून तपासलेले नाही, आणि ऐकीव माहितीवर एखाद्या विद्यार्थिनीचे नाव छापणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. ते काम स्वतंत्र लेखाचे आहे. तो लेख मी किंवा तिच्या जिल्ह्यातल्या एखाद्या बातमीदाराने लिहायला हवा. पानाचा प्रश्न विकिपीडियावर सुटण्याआधी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सुटावा लागेल.